छापील चेहरा कसा वाचायचा: एकोणिसाव्या शतकातली युरोपीय व्यक्तिचित्रं

छापलेलं व्यक्तिचित्र हातात आलं की नजर आधी डोळ्यांवर जाते, मग नाकावर, आणि दोन मिनिटांत आपण त्या माणसाचा स्वभाव सांगायला लागतो. हा क्रम पूर्ण उलटा करा. आधी चित्र कशावरून छापलंय ते पाहा. मग खालची अक्षरं, मग कपडे आणि हात, मग चित्रातला माणूस नावानिशी आहे की नुसता एक नमुना आहे हे. चेहरा सगळ्यांत शेवटी. एकोणिसाव्या शतकातल्या छापचित्रात माणसाची पत ठरते ती पैसे कोणी मोजले, प्रती किती निघाल्या आणि त्या कुणाच्या हाती पडल्या यावरून. चेहऱ्यावर ती पत नंतर चढवलेली असते. आधीच्या चार गोष्टी कळल्याशिवाय काय चढवलंय ते दिसत नाही.

टेबलावर काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, हलवता येणारा एक दिवा, मिलिमीटरची पट्टी, मऊ पेन्सिल, आणि चित्राखाली घालायला स्वच्छ पांढरा पुठ्ठा. शाईचं पेन टेबलावर ठेवूच नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कापडी हातमोज्यांनी कागदाची कड नीट जाणवत नाही आणि फाटायची भीती वाढते. चित्र उचलताना समोरासमोरचे दोन कोपरे दोन हातांनी धरा.

चित्र फ्रेममध्ये असेल तर शक्यतो बाहेर काढून पाहा. काचेतून तंत्र ओळखता येत नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा, म्हणजे समास आणि खालची अक्षरं, बहुतेक वेळा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेला असतो. मात्र चित्र पुठ्ठ्याला चिकटवलेलं असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका. ते कागद-संवर्धकाचं काम आहे.

पहिलं काम: चित्र कशावरून छापलंय

दिवा खाली आणा, इतका की उजेड कागदावर जवळजवळ आडवा घसरत जाईल. चित्राभोवती चौकोनी दाब दिसतो का ते पाहा. तांब्याची किंवा पोलादाची प्लेट ओलसर कागदासह प्रेसमधून जाते तेव्हा प्लेटची कड कागदात रुतते. हा दाब असेल तर चित्र खोदछपाईच्या कुळातलं आहे. दाब नसला म्हणून लगेच शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं लिथोग्राफ, ठरवू नका. चित्रं कापून पुस्तकांत डकवायची हौस त्या काळी मोठी होती आणि कित्येक प्रतींचा समास दाबाच्या आत कापला गेलाय.

इथे एक फसगत नेहमी होते. बऱ्याच छापांत चित्राखाली पातळ, किंचित पिवळसर असा वेगळा कागद जाड कागदावर चिकटवलेला असतो. त्याची कड लांबून प्लेटच्या दाबासारखी दिसते. फरक असा: प्लेटच्या दाबाच्या आतला सगळा भाग कागदाच्या पातळीखाली बसलेला असतो. पातळ कागदाची नुसती कड दिसते, खळगा नसतो.

आता भिंग लावा. पार्श्वभूमीवर नको, गालावर आणि कोटाच्या गडद भागावर लावा.

रेघ टोकाला निमुळती होत जाते, मध्ये फुगते आणि तिच्या कडा स्वच्छ कापल्यासारख्या आहेत, तर ते ब्युरिनने, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराने, कोरलेलं आहे. रेघेची जाडी सारखी, टोकं बोथट आणि वळणं हातासारखी मोकळी असतील तर एचिंग, म्हणजे रेघ आम्लाने खाल्लेली. रेघेच्या एका बाजूला मखमलीसारखी मऊ काळी सावली असेल तर ड्रायपॉइंट. ती सावली सुईने उकरलेल्या धातूच्या उठलेल्या कडेची असते. प्रेसच्या दाबाने ती कड लवकर चेपते, त्यामुळे दाट मखमल असलेल्या प्रती जेमतेम दहा-वीस निघतात. रेघच नाही, गडदातून उजेड खरवडून काढलाय, आणि सगळ्यांत काळ्या भागात बारीक जाळी दिसते, तर मेझोटिंट. नुसत्या ठिपक्यांनी गाल घडवलाय तर स्टिपल.

खडूने काढल्यासारखे दाणेदार ठिपके असतील आणि शाई कागदावर सपाट बसलेली असेल, ना खळगा ना उठाव, तर शिळाछाप. आलोइस झेनेफेल्डरने हे तंत्र म्युनिकमध्ये 1790च्या दशकाच्या अखेरीस शोधलं. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड, त्यावर चरबीचा खडू, आणि तेल-पाण्याचं वैर, एवढ्यावर ते चालतं. रेघांच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकलेली दिसते, मागून बोट फिरवलं तर हलका उठाव लागतो, आणि काळ्यातून पांढऱ्या रेघा काढलेल्या आहेत, तर वुड एन्ग्रेव्हिंग. ते बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर कोरलेलं असतं. वर्तमानपत्रातलं मोठं चित्र असेल तर त्यात सरळ, केसाएवढ्या पांढऱ्या फटी शोधा. बॉक्सवुडचं खोड बारीक असतं, म्हणून छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे, सोडवून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे आणि पुन्हा जोडून छापायचे. फट दिसली की चेहरा एकाने आणि कोट दुसऱ्याने कोरला असण्याची शक्यता धरा.

आणखी दोन सापळे आहेत. ठिपके एकसारख्या अंतरावर, सरळ रांगांत असतील तर ती हाफटोन, म्हणजे फोटो ठिपक्यांत फोडून केलेली छपाई आहे, शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतली किंवा त्यानंतरची. आणि प्लेटचा दाब आहे पण भिंगाखाली रेघही नाही, जाळीही नाही, फक्त अतिशय बारीक अनियमित दाणा आहे, तर फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे फोटोच्या मदतीने तयार केलेल्या प्लेटची छपाई. ते कारेल क्लिचने 1879मध्ये व्यवहारात आणलं. जुन्या खोदछपाईच्या फोटोग्राव्ह्युअर नकलांनी भल्याभल्यांना फसवलंय. गंमत म्हणजे प्रकाशाने प्लेट तयार करण्याच्या सुरुवातीच्या यशस्वी प्रयोगांत फ्रेंच संशोधक नियेप्सने 1826मध्ये वापरलेलं मूळ चित्र हेही एक छापील व्यक्तिचित्रच होतं, कार्डिनल द'आंब्वाझ यांचं.

तंत्रावरून पत कशी कळते

तंत्र कळलं की निम्मं सामाजिक उत्तर मिळतं, कारण प्रत्येक तंत्राची किंमत, वेग आणि गिऱ्हाईक वेगळं होतं.

ब्युरिनच्या मोठ्या कोरीव कामाला महिने, कधी वर्षं लागत. ते राजे, मंत्री आणि अकादमीचा मान मिळालेल्या चित्रांसाठी. म्हणूनच उलट उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फ्रेंच चित्रकार आंग्रने 1832मध्ये वृत्तपत्रमालक लुई-फ्रांस्वा बेर्तँचं चित्र रंगवलं, आणि आंरिकेल-द्युपाँने त्याचं कोरीव छापचित्र केलं ते 1844चं. बेर्तँ 1841मध्येच वारला होता. गादी नाही, खांब नाही, पडदा नाही, छातीवर पदक नाही. एक जाडजूड माणूस खुर्चीत गुडघ्यांवर हात रोवून बसलाय. जे तंत्र राजघराण्यांसाठी राखीव समजलं जाई तेच एका पत्रमालकाला मिळालं, यातच या चित्राचा दावा आहे. चेहऱ्यावरून तो सिद्ध करायची गरज नाही.

मेझोटिंट हे ब्रिटिश सरदारांचं आणि रॉयल अकादमीच्या चित्रकारांचं माध्यम. सॅम्युअल कझिन्सने थॉमस लॉरेन्सच्या चित्रांवरून केलेली मेझोटिंट पाहिली की मखमल, रेशीम आणि त्वचा यांतला फरक नुसत्या काळ्यातून कसा निघतो ते कळतं. तांब्यावर मेझोटिंटच्या चांगल्या प्रती शे-दोनशेच्या पुढे जात नाहीत. 1822च्या सुमारास थॉमस लप्टनने ते पोलादावर यशस्वी केलं आणि प्रती हजारांत गेल्या. 1857पासून तांब्याच्या प्लेटवर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवायची सोय झाली, तेव्हा तांब्याचीही ती मर्यादा गेली. त्यामुळे कोरीव चित्र तांब्यावरचं की पोलादावरचं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. पोलादावरच्या रेघा बारीक, गच्च आणि किंचित रुपेरी दिसतात, तांब्यावरच्या ऊबदार आणि खोल.

शिळाछापाने मध्यमवर्गाला चेहरा दिला. चित्रकार थेट दगडावर काढायचा, कोरणाऱ्याची गरज नाही, दिवसांत प्रती हातात. व्हिएन्नात योझेफ क्रीहूबरने सुमारे 3000 व्यक्तिचित्रं शिळाछापात केली. त्यात सरदार आहेत, सैन्यातले अधिकारी आहेत, अभिनेत्री आणि पियानोवादक आहेत. ती ओळीने लावून पाहा. सगळ्यांना तोच साचा: छातीपर्यंतची आकृती, थोडा वळलेला खांदा, खाली विरत जाणारा कोट, आणि दगडावरच केलेली चित्रकाराची सही. काउंट आणि पियानोवादक एकाच मापाच्या कागदावर आले. पॅरिसमध्ये आशिल देव्हेरियाने 1829मध्ये लेखक व्हिक्टर ह्युगोला आणि 1832मध्ये पियानोवादक लिस्टला असंच दगडावर उतरवलं. 1854मध्ये फोटोग्राफर दिस्देरीने सुमारे 6 × 9 सेंटिमीटरच्या कार्ड-फोटोचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दशकात हा धंदा बसला. म्हणून 1860नंतरचं साधं शिळाछाप व्यक्तिचित्र दिसलं तर विचारा: फोटो स्वस्त असताना हे का केलं? कारण बहुतेक वेळा गौरव, वर्गणीदार किंवा कलावंताची आपली निवड असं निघतं.

एचिंग शतकाच्या उत्तरार्धात मित्रमंडळाचं माध्यम झालं. पॅरिसमध्ये आल्फ्रेद कादारने 1862मध्ये एचिंग करणाऱ्यांची संस्था काढली. चित्रकार एदुआर माने याने केलेला कवी बोदलेअर, चित्रकार व्हिसलरने ड्रायपॉइंटमध्ये 1860मध्ये केलेली ॲनी हेडन, चित्रकार दगाने केलेला बसलेला माने, या सगळ्यांत रेघ मुद्दाम अपुरी सोडली आहे. ती घाई नाही. ‘आम्ही एकमेकांच्या खोलीत जाऊन बसणारे लोक आहोत’ असं ती रेघ सांगते. एखाद्या कारखानदाराने अशी रेघ स्वतःसाठी मागवली असेल तर त्याला त्या वर्तुळात शिरायचं होतं असं समजायला हरकत नाही.

दुसरं काम: खालची अक्षरं

समासातली अक्षरं आधी जशीच्या तशी उतरवून घ्या, चुकांसकट. मग अर्थ लावा. सर्वसाधारण मांडणी अशी: चित्राच्या लगेच खाली डावीकडे मूळ चित्रकार, उजवीकडे कोरणारा, मध्ये नाव, आणि तळाशी प्रकाशक व छापखाना. लॅटिन संक्षेप सतत येतात. ‘पिंक्स.’ म्हणजे रंगवलं, ‘डेल.’ म्हणजे रेखाटलं, ‘स्कल्प.’ म्हणजे कोरलं, ‘लिथ.’ म्हणजे दगडावर काढलं, ‘इम्प.’ म्हणजे छापलं, ‘एक्स्क.’ म्हणजे प्रकाशित केलं. जर्मन छापांत ‘गेझ.’ रेखाटण्यासाठी आणि ‘गेश्ट.’ कोरण्यासाठी. फ्रेंच छापांत ‘शे’ म्हणजे अमक्याच्या दुकानी. ‘आद विवुम’ किंवा ‘द'आप्रे नात्यूर’ असेल तर समोर बसवून काढल्याचा दावा आहे. दावा आहे एवढंच लिहा. माल खपवायला तो शब्द सर्रास टाकत.

इंग्लंडमधल्या छापांवर प्रकाशनाची तारीख आणि ‘कायद्याने सांगितल्याप्रमाणे’ अशा अर्थाची ओळ येते. ती 1735च्या खोदचित्र-हक्क कायद्यातून आली. ही तारीख प्रकाशनाची. माणूस चित्रकारासमोर केव्हा बसला याची नव्हे. बेर्तँच्या चित्रासारखं मधलं अंतर दहा-बारा वर्षांचं असू शकतं.

फ्रान्समध्ये छापखान्याचं नाव हा जबाबदारीचा भाग होता. डिसेंबर 1831मध्ये व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएने राजा लुई-फिलिपला ‘गार्गांत्युआ’ या कथेतल्या खादाड राक्षसाच्या रूपात काढलं, लोकांच्या टोपल्यांतली नाणी गिळणारा. खटला चित्रकारावर झाला तसा छापणाऱ्या देलापोर्तवर आणि विकणाऱ्या ओबेरवरही झाला. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. म्हणून तळाची ती बारीक ओळ कधीही वगळू नका. धोका कोणी पत्करला हे तिथे लिहिलेलं असतं.

चित्राखालची सही छापलेली आहे की हातची, हे भिंगाखाली पाहा. छापलेली सही बाकीच्या शाईच्याच रंगाची आणि पोताची असते. पेन्सिलची सही कागदाच्या तंतूंवर चढते आणि तिरक्या उजेडात चकाकते. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलने सही करायची पद्धत व्हिसलर आणि सीमोर हेडन यांच्यामुळे शतकाच्या शेवटच्या दशकांत रुळली. 1830चं शिळाछाप आणि पेन्सिलची सही असं जोडीने आलं तर संशय घ्या. छापलेल्या सहीचंही वजन होतंच: ‘हे माझंच चित्र, मला मान्य आहे’ असा आभास ती निर्माण करते.

नाव कसं छापलंय? पदवी आधी की नाव आधी? बाईचं नाव नवऱ्याच्या नावाने आहे की रंगभूमीवरच्या नावाने? नावाखाली कुलचिन्ह असेल तर त्यातल्या रेघा वाचा. खोदचित्रात उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. त्यावरून घराणं शोधता येतं. आणि अक्षरंच नसतील तर दोन शक्यता आहेत: समास कापलाय, किंवा ती अक्षरं कोरण्याआधीची प्रत आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रती महाग विकत. लंडनमध्ये 1847मध्ये चित्रविक्रेत्यांची संघटना निघाली. ती अशा प्रती मोजून त्यांवर शिक्का उठवून देई. शिक्का बिनशाईचा असू शकतो, म्हणून पुन्हा तिरका उजेड.

अक्षरांत चूक सापडली तर ती दुरुस्त करून लिहू नका. चित्रकार एडवर्ड मुंकने 1896मध्ये केलेल्या लेखक स्ट्रिंडबर्गच्या शिळाछापात नावातला ‘र’ गळलाय आणि चौकटीत नग्न स्त्री आहे. ती चूक आणि ती चौकट यांवरूनच ती प्रत सुरुवातीची असल्याचं कळतं.

तिसरं काम: कपडे, पदकं, हात

काळ ठरवताना चित्रातली सगळ्यांत नवी वस्तू धरा, सगळ्यांत जुनी नव्हे. साठीचा माणूस तरुणपणीचा गळपट्टा बांधून बसतो. बायकांच्या कपड्यांवरून काळ जास्त नेमका कळतो: खांद्यापासून फुगलेल्या प्रचंड बाह्या 1830च्या आगेमागे, पोलादी कड्यांचा घेरदार घागरा 1850च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, मागे उचललेला घेर 1870 आणि 1880च्या दशकांत.

पुरुषांचा काळा कोट सगळ्यांचा सारखा, असं वाटतं. म्हणूनच बारीक गोष्टी बोलतात. डाव्या कॉलरच्या काजात छोटी पट्टी असेल तर ती लेजियन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाची असू शकते. ही पदवी नेपोलियनने 1802मध्ये सुरू केली. नुसती फीत खालच्या दर्जाची, गोल गुंडी त्यावरच्या दर्जाची. काळ्या-पांढऱ्या छापात फितीचा रंग कळत नाही, म्हणून ‘फीत दिसते’ एवढंच लिहा. दाढी-मिशाही पक्ष सांगतात. रुंद काठाची, पीस खोचलेली टोपी आणि मोठी दाढी 1848च्या बाडेनमधल्या उठावानंतर त्याचा नेता फ्रीडरिश हेकरच्या नावाने ओळखली जाई. मेण लावलेल्या मिशा आणि हनुवटीवरचा टोकदार झुपका म्हणजे तिसऱ्या नेपोलियनची छाप. दोमिएने ‘रातापॉइल’ हा बोनापार्टवादी, म्हणजे नेपोलियनच्या घराण्याचा समर्थक, गुंड घडवला तो नेमका हाच झुपका लावून.

आता एक तपासणी, जी जवळजवळ प्रत्येकजण विसरतो. छापात चित्र आरशासारखं उलटतं. पदकं डाव्या छातीवर लावतात. ती उजवीकडे दिसली तर चित्र उलटलंय. कोट कोणत्या बाजूने बंद होतो ते पाहा, पण दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या कोटावर भिस्त ठेवू नका. उलटलेल्या चित्राचे अर्थ दोन: चित्रकाराने समोर पाहून थेट प्लेटवर काढलं, किंवा कोणी दुसऱ्याचं छापचित्र चोरून नकललं. मोठ्या कोरणाऱ्यांकडे आरसा असे आणि ते मूळ बाजू राखत. मूळ चित्राशी ताडून पाहिलं की यातलं कुठलं खरं ते बहुतेक वेळा उलगडतं.

हातांसाठी वेगळी ओळ ठेवा. पुस्तक, कंपास, हातमोजा, चाबूक, सुई, किंवा काहीच नाही. मानेने केलेल्या बेर्थ मोरिसोच्या शिळाछापात काळी टोपी आणि काळे कपडे आहेत; ती स्वतः चित्रकार होती याची एकही खूण नाही. याउलट दगाने 1879-80च्या सुमारास चित्रकार मेरी कसॅटला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दाखवली ती पाठमोरी, छत्रीवर रेललेली, चित्रांकडे पाहणारी. चेहरा नाहीच, तरी ती पाहणारी, जाणकार बाई आहे हे उभं राहण्यातून कळतं. तुलूझ-लोत्रेकने 1894मध्ये गायिका यिव्हेत गिल्बेरवर चित्रांचा संग्रह काढला तेव्हा मुखपृष्ठावर फक्त तिचे लांब काळे हातमोजे ठेवले. पॅरिसला तेवढं पुरलं.

चौथं काम: नाव आहे की नमुना

हा सगळ्यांत समृद्ध आणि सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. त्या शतकात एकाच दुकानात दोन प्रकारचे चेहरे टांगलेले असत: नावाची माणसं, आणि नमुने, म्हणजे भाडेकरू, वकील, धोबीण, दलाल, कोळसेवाला. त्यांतली सीमा कायद्यामुळे सरकत राहिली.

1834मध्ये दोमिएने ‘विधिमंडळाचं पोट’ हे मोठं शिळाछाप काढलं. बाकांवर बसलेले मंत्री आणि सदस्य, प्रत्येकजण ओळखू येणारा. ते वृत्तपत्र-प्रकाशक शार्ल फिलिपाँने काढलेल्या, दर महिन्याला एक चित्र देणाऱ्या मंडळाच्या वर्गणीदारांसाठी होतं, आणि त्या वर्गणीतून वृत्तपत्रांचे दंड भरले जात. दोमिएने सदस्यांची छोटी मातीची डोकी घडवली होती. त्यांतली 36 आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मग सप्टेंबर 1835मध्ये कायदा आला: चित्र छापण्याआधी परवानगी. नावानिशी राजकीय चेहरा काढणं जवळजवळ अशक्य झालं. 1836पासून ‘ल शारिवारी’ या व्यंगचित्रांच्या वृत्तपत्रात दोमिएचा रोबेर माकेर आला, कधी बँकवाला, कधी वकील, कधी डॉक्टर असलेला ठग. नाव गेलं, नमुना आला. म्हणून 1835 ते 1848 या काळातला नमुना पाहताना विचारा की त्यामागे एखादं नाव दडलंय का.

दुसऱ्या साम्राज्याच्या, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या, काळात फ्रान्समध्ये आणखी एक अट होती: व्यंगचित्र छापायला त्या माणसाची लेखी संमती लागे. व्यंगचित्रकार आंद्रे जिलने 1860च्या दशकात मोठ्या डोक्याची आणि छोट्या अंगाची जी व्यंगचित्रं केली, त्यांच्याखाली अनेकदा त्या माणसाच्या हस्ताक्षरातली परवानगीची ओळ छापलेली दिसते. ती नुसती शोभा समजू नका. कोणी परवानगी दिली आणि कोणत्या शब्दांत, हा सामाजिक इतिहासाचा थेट पुरावा आहे. चित्रांवरचं हे पूर्वनियंत्रण जुलै 1881च्या कायद्याने संपलं.

वृत्तपत्रातल्या प्रतींबद्दल एक कामाची गोष्ट. ‘ल शारिवारी’मधलं शिळाछाप असेल तर कागद उलटा. मागे मजकूर छापलेला असेल तर ती रोजच्या अंकातली प्रत, म्हणजे त्या दिवशी चहाच्या टेबलावर गेलेली. मागची बाजू कोरी असेल आणि कागद चांगला असेल तर ती संग्राहकांसाठी वेगळी काढलेली. चित्र एकच, वाचक दोन.

खालच्या वर्गाच्या चेहऱ्यांना बहुतेक वेळा नावच मिळत नाही. लंडनच्या ‘द ग्राफिक’ साप्ताहिकाने 1870च्या दशकात खाणकामगार, शेतमजूर अशा ‘लोकांचे चेहरे’ वुड एन्ग्रेव्हिंगमध्ये मोठ्या आकारात छापले. चेहरे प्रत्यक्ष माणसांवरून, नाव धंद्याचं. व्हॅन गॉग ही पानं जमवायचा, आणि नोव्हेंबर 1882मध्ये हेगमध्ये त्याने स्वतः वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्याला बसवून शिळाछाप केले. केटे कोलविट्झच्या 1890च्या दशकातल्या विणकरांच्या मालिकेतही कोणाचं नाव नाही. अशा चित्राची नोंद ‘अज्ञात माणूस’ अशी करून थांबू नका. ‘नाव दिलेलं नाही, धंदा दिलेला आहे’ असं लिहा. नाव न देणं ही कोणाची तरी निवड होती.

पाचवं काम: आता चेहरा

आता चेहऱ्याकडे या, पण एक सवय धरून. त्या काळचे चित्रकार आणि गिऱ्हाईक दोघंही चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या, स्विस लेखक लाव्हाटरच्या मतांवर वाढलेले होते. उंच कपाळ म्हणजे बुद्धी, जड जबडा म्हणजे पशुत्व, अशी ठरीव भाषा होती. म्हणून कपाळ, नाक, जबडा यांत जे दिसतं ते माणसाचं मानण्याआधी चित्रकाराच्या शब्दकोशातलं माना.

हैतीच्या मुक्तिलढ्याचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर याचं निकोला मोरँने केलेलं आणि देलपेशने 1832मध्ये छापलेलं शिळाछाप घ्या. तूसँ 1803मध्येच कैदेत वारला होता आणि त्याचं समोर बसवून काढलेलं खात्रीचं चित्र नाही. मोरँने बाजूने चेहरा घेतला आणि ओठ व जबडा असा पुढे काढला की आफ्रिकी माणसाविषयीचे युरोपीय ग्रह त्यातच उतरले. खाली छापलेली सही आहे, तंत्र सफाईदार आहे, मालिका समकालीन थोरांची आहे. या तीन गोष्टींमुळे तो चेहरा खरा मानला गेला आणि पुढे पुन्हापुन्हा नकलला गेला. चेहऱ्यापासून सुरुवात केली असती तर आपणही त्याच नकलांच्या रांगेत उभे राहिलो असतो.

चेहऱ्यावरचं काम शरीरापेक्षा वेगळं आहे का तेही भिंगाखाली पाहा. गालावर दाट, सावकाश ठिपके आणि कोटावर भरभर ओढलेल्या रेघा, म्हणजे चेहरा मुख्य कारागिराचा आणि बाकी मदतनिसाचं असू शकतं. चित्रकार व्हालोताँने 1891मध्ये लाकडावर कापलेल्या कवी व्हेर्लेनच्या चित्रात मात्र असा भेदच नाही. काळा डाग आणि कोरा कागद एवढ्यावरच चेहरा उभा आहे.

नोंद कशी ठेवायची

आधी मापं, उंची आधी आणि रुंदी नंतर, मिलिमीटरमध्ये: चित्राची, प्लेटच्या दाबाची, पूर्ण कागदाची. तिन्ही वेगळी लिहा. नुसतं एक माप लिहिलं तर पुढच्या माणसाला प्रत कापलेली आहे की नाही कळत नाही. मग तंत्र आणि ते कशावरून ठरवलं ते. मग अक्षरं, जशी आहेत तशी, ओळी तोडून. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहा. त्यातलं वर्ष फक्त कागदाचं असतं, छपाई त्यानंतर कितीही वर्षांनी झालेली असू शकते. पुढे कपडे, पदकं आणि चित्र उलटलंय का ते. मग नाव की नमुना, आणि तो निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला.

बेर्तँच्या छापचित्राची नोंद अशी सुरू होईल: ब्युरिनचं कोरीव काम, रेघा टोकाला निमुळत्या, आंग्रच्या 1832च्या चित्रावरून, कोरणारा आंरिकेल-द्युपाँ, 1844, बसलेला वयस्क पुरुष, काळा कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर, पदक दिसत नाही, नावानिशी, मृत्यूनंतर प्रसिद्ध. चेहऱ्याबद्दलचं वाक्य याच्याखाली वेगळ्या ओळीत घाला आणि त्यापुढे ‘माझं मत’ असं लिहा.